झेंडा पळवणारे आणि मांडव घालणारे

लास व्हेगासमधले सँड्स हॉटेल नोव्हेंबर १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. फ्रँक सिनात्राच्या मैफलींनी गाजलेल्या त्या जागेवर आज व्हेनेशियन नावाचे अवाढव्य हॉटेल उभे आहे. जुने अलादीन १९९८ मध्ये जमीनदोस्त झाले, रिव्हिएरा २०१६ मध्ये. या तिन्ही हॉटेलांनी कधी ना कधी ‘डेफकॉन’ या हॅकरांच्या वार्षिक मेळाव्याला आपली दालने भाड्याने दिली होती. पाहुण्यांचा पायगुण म्हणावा, तर तसे काही नाही. जुने पाडून नवे बांधायची व्हेगासला खोडच आहे. इमारती गेल्या. त्यांच्या दालनांतून फिरत आलेला एक खेळ मात्र अजून दर ऑगस्टला मांडला जातो. त्याचे नाव ‘कॅप्चर द फ्लॅग’, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसते ‘सीटीएफ’.

या खेळाची गोष्ट सांगायला बसले की लोक विजेत्या संघांची नावे घेतात. पण विजेत्यांइतकीच, किंबहुना जास्तच, ती यजमानांची गोष्ट आहे. टेबले कोणी लावली, तारा कोणी ओढल्या, गुण कोणी मोजले आणि भांडणे कोणी मिटवली, यावरच दर काही वर्षांनी खेळाचे रूप पालटत गेले. लग्नात नवरा-नवरीचे फोटो निघतात आणि मांडव घालणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो, तसे हे यजमान. त्यांतल्या अनेकांनी तर आपली खरी नावेही पुढे येऊ दिली नाहीत.

डेफकॉनचा जन्मच एका फसलेल्या बेतातून झाला. १९९३ मध्ये जेफ मॉस हा अठरा वर्षांचा मुलगा संगणक-जाळ्यावरच्या एका मित्राला निरोप देण्यासाठी मेजवानी ठरवत होता. मित्र ठरल्या दिवसाच्या आधीच निघून गेला. मॉसने मग ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्याच हॅकरांना व्हेगासला बोलावले. जूनमध्ये सँड्स हॉटेलात शंभरेक माणसे जमली. नाव सुचले ते ‘वॉरगेम्स’ या १९८३ च्या चित्रपटावरून; त्यातला मुलगा अण्वस्त्रांच्या संगणकाशी खेळताना लक्ष्य म्हणून लास व्हेगास निवडतो. शिवाय टेलिफोनच्या ३ आकड्याच्या बटणावर डी, ई, एफ ही अक्षरे असतात, हाही एक टेलिफोनवेड्यांचा विनोद त्या नावात दडलेला आहे. एकदाच भरवायचा म्हणून भरवलेला हा मेळावा पुढे दरवर्षी भरू लागला.

खेळ आला चौथ्या मेळाव्यात, १९९६ साली, मोंटे कार्लो हॉटेलात. मुळातला ‘कॅप्चर द फ्लॅग’ हा अमेरिकन मुलांचा मैदानी खेळ: दोन गट, दोन झेंडे, आपला राखायचा आणि दुसऱ्याचा पळवायचा. आपल्याकडच्या रुमाल पळवण्याच्या खेळाशी त्याचे नाव जुळते, पण प्रकृतीने तो हुतूतूच्या जवळचा आहे. चढाई करताना आपले अंगण उघडे पडते आणि नुसते अंगण राखत बसले तर गुण मिळत नाहीत. संगणकावरच्या खेळात झेंड्याच्या जागी येते ती निरर्थक अक्षरांची एक ओळ. ती प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रात कुठेतरी आत ठेवलेली असते. ती वाचून आणली, म्हणजे आपण आत शिरलो होतो याचा पुरावा मिळाला.

ही झाली आजची व्याख्या. पहिल्या काही वर्षांत एवढी शिस्त नव्हती. कोणी लक्ष्य म्हणून यंत्रे आणून जोडायचे, बाकीचे त्यांच्यावर तुटून पडायचे, आणि कोणी ‘शिरलो, शिरलो’ म्हणून ओरडले की पंच येऊन पाहायचे. खरेच शिरला का? युक्ती दाद देण्यासारखी होती का? गुण किती द्यायचे? सगळा न्याय माणसांच्या डोळ्यांवर आणि पंचांच्या मूडवर. ज्यांचा छंदच नियमांतल्या फटी शोधण्याचा, अशा शेकडो लोकांसमोर हाताने गुण मांडत बसणे म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात वकिलांच्या परिषदेचा निवाडा करण्यासारखे. वाद व्हायचेच.

१९९९ मध्ये मेळावा ॲलेक्सिस पार्क या हॉटेलात गेला आणि २००५ पर्यंत तिथेच रमला. हे व्हेगासमधले असूनही जुगारघर नसलेले हॉटेल. तिथे पोहण्याचे तलाव होते, आणि गर्दी मावेना तेव्हा बाहेर तंबूही लागले. व्हेगासच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. तंबूत यंत्रे चालवणाऱ्यांच्या हालांची कल्पना विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. याच हॉटेलात ‘घेटो हॅकर्स’ नावाच्या टोळीने १९९९, २००० आणि २००१ अशी सलग तीन वर्षे स्पर्धा जिंकली. मग त्यांनी एक अजब गोष्ट केली. खेळणे थांबवून २००२ पासून खेळ भरवण्याचे काम अंगावर घेतले.

सीटीएफच्या इतिहासातले हे खरे वळण. घेटो हॅकर्सनी गुण मोजण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिले. आता प्रत्येक संघाला सारखेच यंत्र मिळू लागले, त्यावर सारख्याच सेवा चालू, आणि त्या सेवांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या सारख्याच चुका. आपल्या यंत्रातल्या चुका हुडकून बुजवायच्या आणि त्याच चुकांमधून शेजाऱ्याच्या घरात शिरायचे. यजमानांचा एक कार्यक्रम ठरावीक मिनिटांनी सगळ्या यंत्रांवर फेरी मारतो, जुना झेंडा काढून नवा ठेवतो आणि कोणाचा झेंडा कोणी आणून दिला याचा हिशेब लिहितो. ‘चढाई आणि राखण’ या प्रकारच्या सीटीएफचा सांगाडा आजही जवळपास हाच आहे.

पण यंत्राच्या पंचगिरीतही फटी असतात, आणि खेळाडूंना त्या सापडायला एक दुपार पुरते. सगळ्यात सोपा बचाव कोणता? यंत्र बंद करून टाकणे. बंद घरात चोर कसा शिरणार! म्हणून यजमानांना दुसरा नियम करावा लागला: सेवा चालू असेल तरच गुण. त्यावर खेळाडूंनी नवी शक्कल काढली. फक्त यजमानांच्या फेरीला दार उघडायचे, बाकी सगळ्यांना बंद. त्यावर यजमानांनी सगळी ये-जा एकाच नाक्यावरून वळवली. तिथे प्रत्येक पाकिटावरचा मूळ पत्ता पुसून एकसारखा पत्ता चिकटवला जातो, म्हणजे दारात उभा असलेला तपासनीस आहे की दरोडेखोर, हे घरमालकाला कळतच नाही. रेशन दुकानावर वेश बदलून जाणाऱ्या तहसीलदाराच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. इथे सगळे गिऱ्हाईकच एका वेशात पाठवले. शिवाय तपासनिसाने नुसती दारावर टकटक करून भागत नाही. त्याला आत जाऊन खरेखुरे काम करून पाहावे लागते, नाहीतर संघ सेवेचा आतला सगळा माल काढून नुसता दर्शनी फळा ठेवतात.

याच काळात ‘श्मू ग्रुप’ या मंडळींनी एक वेगळेच काम आरंभले. २००० च्या सुमारास त्यांनी सामन्यादरम्यान तारांतून वाहणारी सगळी माहिती नोंदवून ठेवायला सुरुवात केली आणि ती अभ्यासासाठी खुली केली. हल्ल्यांनी भरलेल्या जाळ्याचा खराखुरा नमुना त्या दिवसांत संशोधकांना दुसरीकडे कुठे मिळणार होता? पुढे अशा नोंदी खेळाचाच भाग बनल्या. आपल्यावर झालेला हल्ला नोंदीतून उलगडायचा आणि तोच उचलून तिसऱ्यावर सोडायचा, हे आज चांगल्या संघाचे रोजचे काम आहे. त्यामुळे सगळ्यात भारी हत्यार पहिल्याच दिवशी बाहेर काढावे की रविवारसाठी राखून ठेवावे, हा डावपेचांचा मोठा प्रश्न होऊन बसला.

२००५ ते २००८ ही चार वर्षे ‘केनशोटो’ या गटाने यजमानपद सांभाळले. त्यांच्यापुढची अडचण निराळी होती: खेळायला येणारे वाढले, पण दालनात टेबले तेवढीच. मग इंटरनेटवरून प्राथमिक फेरी घेऊन मोजकेच संघ व्हेगासला बोलवायची पद्धत रुजली. प्राथमिक फेरीसाठी त्यांनी ‘जेपर्डी’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या जुन्या प्रश्नमंजूषेचा फळा उचलला. वर विषय, खाली चढत्या गुणांची घरे, एक घर सोडवले की पुढचे उघडते. यात कोणी कोणावर हल्ला करत नाही. सगळे यजमानांच्या कोड्यांवर डोके चालवतात. जागेच्या टंचाईतून आलेली ही सोय पुढे मूळ खेळापेक्षा जास्त पसरली, कारण ती भरवायला सोपी आहे. शंभर संघ आले काय आणि हजार आले काय, टेबले लागत नाहीत. आज जगभर भरणाऱ्या सीटीएफपैकी बहुसंख्य या ‘जेपर्डी’ जातीच्या असतात, आणि त्यासाठी तयार मोफत संगणकप्रणालीही मिळतात. चढाई-राखणीचा खेळ मात्र अजूनही हौशी माणसाला झेपत नाही.

व्हेगासमध्ये हे घडत असताना कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथल्या विद्यापीठात जियोव्हानी विन्या या प्राध्यापकांनी हाच खेळ वर्गात नेला. २००१ च्या सुमारास त्यांच्या अभ्यासक्रमाचा शेवट अशा थेट सरावाने होऊ लागला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांना आमंत्रण गेले आणि त्यानंतर देशाबाहेरच्या. ‘आयसीटीएफ’ या नावाने ही स्पर्धा ओळखली जाते. इथली व्यवस्थेची गोची अशी की संघ आपापल्या गावी बसलेले. त्यांना एका खासगी बोगद्यासारख्या जोडणीने एकत्र आणायचे हे ठीक, पण लक्ष्याच्या यंत्राची भलीमोठी प्रत प्रत्येकाकडे वेळेत कशी पोहोचणार? आणि आधी पाठवली तर लोक आधीच फोडून बसणार. उपाय निघाला तो बोर्डाच्या परीक्षेतल्या सीलबंद पाकिटाचा. प्रत कुलूपबंद करून काही दिवस आधीच सगळ्यांना पाठवायची आणि घंटा वाजली की कुलपाची किल्ली जाहीर करायची. ज्याने आधी उतरवून ठेवले नाही त्याचे नशीब त्याच्यापाशी.

या मास्तरांच्या विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ‘शेलफिश’ संघाने २००५ मध्ये डेफकॉनची स्पर्धाही जिंकली. आणि त्याच घराण्यातली काही मंडळी २०१८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ओव्हरफ्लो’ या नावाने डेफकॉनच्या खेळाची यजमान झाली. जिंकून झाले की वाढप्याची पळी हातात घ्यायची, ही घेटो हॅकर्सनी घातलेली रीत अशी पुढे चालत राहिली.

अमेरिकेच्या लष्करी अकादम्यांनी २००१ पासून वेगळी वाट धरली. तिथल्या ‘सायबर डिफेन्स एक्सरसाइझ’मध्ये विद्यार्थ्यांनी फक्त राखण करायची, हल्ला करायला राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, म्हणजे एनएसएची माणसे. त्यावरून टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या विद्यापीठाने २००५ मध्ये महाविद्यालयांसाठी अशीच स्पर्धा सुरू केली. इथला नमुना छान खवचट आहे. विद्यार्थ्यांच्या हाती एका काल्पनिक कंपनीचे, आधीच्या लोकांनी अर्धवट सोडलेले जाळे दिले जाते. बाहेरून लाल संघ हल्ला करत असतोच. त्यात मध्येच कंपनीच्या ‘साहेबां’कडून चिठ्ठी येते: अमुक कर्मचाऱ्याला कामावरून काढले, त्याची खाती बंद करा, नवी सेवा दुपारपर्यंत सुरू करा, घडल्या प्रकाराचा अहवाल तासाभरात द्या. या चिठ्ठ्यांना तिथे ‘इंजेक्ट’ म्हणतात. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हा भाग लाल संघापेक्षा जास्त ओळखीचा वाटेल.

या स्पर्धांनी रंगांची भाषा रूढ केली. निळे राखणारे, लाल हल्ला करणारे, पांढरे म्हणजे पंच. मूळ शब्द लष्करी सरावांतले. एस्टोनियाची राजधानी टालिन इथल्या नाटोशी संलग्न केंद्राने तर संपूर्ण काल्पनिक देशच उभे केले. २००७ मध्ये एस्टोनियाची सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे हल्ल्यांनी ठप्प झाली होती. पुढच्या वर्षी हे केंद्र अधिकृतपणे सुरू झाले आणि २०१० पासून दरवर्षी सराव भरू लागला. ‘लॉक्ड शील्ड्स’ हे त्याचे आजचे नाव. बेरिलिया नावाच्या बिचाऱ्या बेटावर क्रिमसोनिया हल्ला करतो, आणि वेगवेगळ्या देशांचे निळे संघ आपापल्या गावात बसून बेरिलियाची वीज, पाणी, दळणवळण सांभाळतात. पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे आणि कायद्याचा सल्ला, यांनाही तिथे गुण आहेत.

पुन्हा व्हेगास. केनशोटोनंतरचे यजमान: २००९ ते २०१२ ‘डीडीटेक’ आणि २०१३ ते २०१७ ‘लेजिटिमेट बिझनेस सिंडिकेट’. पहिले नाव संरक्षण सामग्रीच्या ठेकेदार कंपनीचे सोंग, दुसरे म्हणजे ‘आमचा धंदा अगदी कायदेशीर आहे बरं का’ असे सांगणाऱ्या टोळीची पाटी. विनोद बाजूला ठेवला तर दुसऱ्या गटाने दालनाच्या व्यवस्थेचा घाट बऱ्यापैकी पक्का केला. एका टेबलाशी एका वेळी आठच माणसे. आठांचा नियम ऐकायला साधा, पण त्यामागे खुर्च्यांचा, विजेचा आणि अग्निशमनाच्या वाटांचा हिशेब असतो. पंधरा संघांची आठ-आठ माणसे म्हणजे एकशे वीस लॅपटॉप, शिवाय पडदे, पंखे लावलेली लहान यंत्रे, यजमानांचे स्वतःचे सर्व्हर. एकेक लॅपटॉप शंभर वॅटचा धरला तरी नुसत्या त्यांनाच बारा किलोवॅट लागतात. एकाच वायरीवर चार विस्तारपट्ट्या माळेसारख्या जोडल्या की काय होते, हे गणपतीच्या मांडवात रोषणाई केलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारावे.

अर्थात संघ आठांचा कधीच नसतो. उरलेले वीस-तीस जण वरच्या मजल्यांवर हॉटेलच्या खोल्यांत पलंगांवर लॅपटॉप मांडून बसलेले असतात आणि खाली बसलेले आठ जण म्हणजे नुसती चौकी. खेळ शुक्रवार ते रविवार. रात्री दालन बंद होते, जाळेही बंद होते, पण खोल्यांतले दिवे जळत राहतात. यजमानांचीही तीच गत. दिवसा वाढायचे आणि रात्री उद्याचा स्वयंपाक दुरुस्त करायचा.

या जाळ्याला मेळाव्याच्या इतर जाळ्यांपासून तोडून ठेवावे लागते, हेही सांगायला हवे. डेफकॉनमध्ये ‘वॉल ऑफ शीप’ नावाचा एक फळा असतो. बेसावधपणे उघड्या जाळ्यावरून पासवर्ड पाठवणाऱ्यांची त्यावर अर्धी झाकलेली वरात निघते. अशा गावात खेळाचे गुणपत्रक ठेवायचे आहे. म्हणून नियमावलीत दोन गोष्टी ठळक असतात: यजमानांच्या यंत्रांना हात लावायचा नाही, आणि नुसत्या माहितीच्या लोंढ्याने कोणाला बुडवायचे नाही. दुसऱ्या नियमामागे नैतिकता कमी आणि व्यवहार जास्त आहे. एकाने धरणाचे दार उघडले की बुडतो तो सगळा गाव.

सिंडिकेटने स्वयंपाकातही प्रयोग केले. २०१३ मध्ये नेहमीच्या संगणकांऐवजी तळहाताएवढ्या ‘ओड्रॉइड’ पाट्यांवर खेळ मांडला. भ्रमणध्वनीत असतो त्या जातीचा प्रोसेसर, त्यामुळे अनेकांची जुनी हत्यारे बोथट. २०१७ ला त्यांनी कळसच केला. ‘क्लेमेन्सी’ नावाची, जगात कुठेही अस्तित्वात नसलेली संगणकरचना तयार केली. जगभर एक बाइट म्हणजे आठ बिट; इथे नऊ. आकड्यांतले बाइट मांडायचा क्रमही धड सुलटा नाही की उलटा नाही, मधूनच सुरू होणारा. तिची माहितीपुस्तिका संघांच्या हाती पडली सामन्याच्या चोवीस तास आधी. वर्षभर धार लावलेली सगळी अवजारे एका रात्रीत निकामी झाली आणि संघांनी ती रात्र नवी अवजारे घडवण्यात घालवली. प्रस्तुत लेखकाच्या मते यजमानाने पाहुण्यांची घेतलेली ही सर्वांत सुंदर फिरकी. कारण त्यात कोणावर अन्याय नव्हता, सगळेच सारखे अडाणी झाले होते.

त्याआधीच्या वर्षी, ४ ऑगस्ट २०१६ रोजी, पॅरिस हॉटेलच्या भव्य रंगमंचावर अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘डार्पा’ने माणसाविना सीटीएफ खेळवली. सात महासंगणक एकमेकांच्या चुका शोधत, बुजवत आणि त्यांतून हल्ले करत होते. मांडणीतली खरी अडचण विश्वासाची होती. यंत्रांना बाहेरून कोणी गुपचूप मदत करत नाही, हे प्रेक्षकांना कसे पटवायचे? म्हणून रंगमंचावरची यंत्रे बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेली ठेवली आणि सामन्याचा तपशील चकत्यांवर उतरवून त्या चकत्या पलीकडे न्यायला एक यांत्रिक हात बसवला. तार नाही म्हणजे नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तो हात चकती उचलायचा आणि पलीकडे ठेवायचा. ‘मेहेम’ नावाच्या यंत्राने वीस लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेतले. लगेच त्याला डेफकॉनच्या खऱ्या स्पर्धेत माणसांसमोर बसवले. पंधरा संघांत त्याचा पंधरावा क्रमांक आला, पण मधल्या काही काळात दोन मानवी संघ त्याच्या मागे होते.

नंतरची वर्षे यजमानांची कसोटी पाहणारी गेली. २०२० मध्ये साथीमुळे सगळा मेळावाच पडद्यावर गेला. टेबलांचा प्रश्न मिटला, त्याच्या जागी घड्याळाचा आला: सोलच्या संघाची पहाट आणि पिट्सबर्गची दुपार एकाच डावात बसवायची. २०२१ ला काही संघ दालनात तर काही घरी. २०२२ मध्ये पळी ‘नॉटिलस इन्स्टिट्यूट’ या नव्या गटाकडे गेली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारी रात्री धोक्याच्या सूचनेमुळे मेळाव्याची मुख्य इमारतच रिकामी करावी लागली. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, मेळाव्याला जेमतेम सहा महिने उरले असताना, सीझर्स समूहाने जागेचा करार मोडला. तीस हजारांच्या आसपास माणसांचे बिऱ्हाड उचलून लास व्हेगास कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हलवावे लागले. मुहूर्त तोंडावर आणि कार्यालय रद्द, ही वेळ ज्या घरावर आली असेल त्यालाच ती कळेल.

भारतात या खेळाचे वर्ष २०१० मानायला हरकत नाही. त्या वर्षी केरळातल्या अमृतापुरी इथल्या अमृता विद्यापीठाच्या ‘बायोस’ या विद्यार्थी संघाने ‘इनसीटीएफ’ सुरू केली, तीही सुरुवातीपासून चढाई-राखणीचा अवघड घास घेऊन. त्याच वर्षी गोव्यात ‘नलकॉन’ ही सुरक्षाक्षेत्रातली परिषद पहिल्यांदा भरली. तिच्या आधी इंटरनेटवर होणारी ‘हॅकआयएम’ ही स्पर्धा लवकरच परदेशी संघांच्याही वेळापत्रकात गेली. गोव्याला पाहुण्यांची सवय आहे, खोल्या आहेत, आणि फेब्रुवारी-मार्चची हवा व्हेगासच्या ऑगस्टपेक्षा कितीतरी बरी. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘सीसॉ’ स्पर्धेची भारतातली अंतिम फेरी २०१६ पासून आयआयटी कानपूरने भरवली. बायोससारख्या विद्यार्थी संघाचे कौतुक एवढ्यासाठी की तिथे यजमानच दर चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात, आणि कुठली सेवा का कोसळते हे ज्ञान धाकट्यांकडे तोंडीच उतरवावे लागते, एखाद्या घराण्यातल्या मसाल्यासारखे.

आता पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या टेक-फेस्टमध्ये सीटीएफ ही नेहमीची बाब झाली आहे. नाटकाच्या तालमी आणि रोबोंच्या झुंजी यांच्या मधल्या एका प्रयोगशाळेत ती मांडली जाते. कोडी बनवायला दोन-तीन पोरे पुरतात. बाकीची यादी मात्र व्हेगासइतकीच लांब: चाळीस जणांना पुरतील एवढे प्लगपॉइंट, दुपारी वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार, बाहेरगावच्या संघांची वसतिगृहात झोपायची सोय, वडापाव आणि चहाची वेळ, गुणफलक दाखवायला प्रोजेक्टर, आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या फायरवॉलने रोखून धरलेले मार्ग दोन दिवसांपुरते उघडण्यासाठी संगणक विभागाला अर्ज. हल्ल्याचा खेळ खेळण्यासाठी आधी दार उघडा म्हणून लेखी विनंती करायची. त्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते, आणि ती शुक्रवारी पाचनंतर मिळत नाही.